लेकीच्या झेंड्यामागे कानाझावा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून विमान सुटायच्या आधी रेवाचा फोन आला. "बाबा, टूरच्या दिवशी तू माझा बाबा नाहीस. साधा टुरिस्ट. आणि मध्येमध्ये बोलायचं नाही हं, प्लीज लाह!" हे 'लाह' म्हणजे सिंगापुरी बोलण्याचं शेपूट, ते ऐकलं की मला बरं वाटतं.

आमची लेक जपानी शिकायला जपानात कानाझावाला गेली आणि तिथल्या गल्ल्यांत रमली. आता एका छोट्या कंपनीत गाईड म्हणून तिची परीक्षा होती : अर्ध्या दिवसाची पायी सहल आणि मालकीणबाई जातीनं सोबत. नोकरी मिळाली तर रेवा तिकडेच राहणार, नाहीतर सिंगापुरात क्लेमेंटीला घरी परत. तिची आई उघडच म्हणायची, "नाही मिळाली तर बरं." मला दोन्ही वाटत होतं.

स्टेशनच्या भल्याथोरल्या लाकडी कमानीखाली आमचा घोळका जमला. रेवा पिवळा झेंडा घेऊन उभी होती. "गुड मॉर्निंग, सर," ती मला वाकून म्हणाली. आम्हा दोघांची नाकं एकाच साच्यातली, पण मालकीणबाईंना आपण भारतीय सगळे सारखेच दिसत असू.

ओमिचो बाजारात सगळीकडे मासे आणि खेकडे. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम आलं. आपण पेढ्यावर वर्खाचा तुकडा चिकटवतो, इथे अख्खं पान गुंडाळलेलं. सोन्याला चव नसते, हे साठीत कळलं.

पुढे नागामाची, सामुराईंची (जुन्या लढवय्या सरदारांची) वस्ती. मातीच्या भिंतींवर गवताच्या चटया टांगल्या होत्या. "बर्फानं भिंती भिजून फुटू नयेत म्हणून," रेवा सांगत होती. मला आमचे रविवार आठवले. एमआरटीनं (तिथल्या मेट्रोनं) मी तिला सिंगापूरच्या जुन्या गल्ल्यांत न्यायचो. ती माझं बोट धरून प्रश्न विचारायची आणि मला माहीत नसेल ते मी खुशाल ठोकून द्यायचो. ही ठोकून देत नव्हती. किती लवकर गेले ते रविवार!

वाटेत एक छोटं जिंजा (देऊळ) लागलं. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. सगळं शिस्तीत केलं आणि मग सवयीनं पाय आपोआप प्रदक्षिणेला लागले. मागच्या बाजूला पोचून वळून पाहतो तर अख्खा घोळका माझ्या मागे, शेवटी मालकीणबाई! तिथे डबा खात बसलेले म्हातारे पुजारी दचकून उभे राहिले. गेली पोरीची नोकरी, असं वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मनात आलं, म्हणजे ती घरी येणार. माझी मलाच लाज वाटली.

रेवा धावत आली. पुजाऱ्यांना वाकून काहीतरी बोलली, ते हसले. मग ती आमच्याकडे वळली. "भारतात देवाभोवती असं फिरतात. इथे तशी पद्धत नाही. पण ह्या सरांमुळे मागचं कोरीव काम मीही आज पहिल्यांदाच बघतेय."

केनरोकुएन बागेत सहल संपली. बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून पाइनच्या फांद्या दोरांनी तोलून धरल्या होत्या. दाराशी मालकीणबाई एकेकाला विचारत होत्या, "गाईड कशी वाटली?" माझी पाळी आली. रेवा दुसरीकडेच बघत होती. 'जरा नवखी आहे' एवढं म्हटलं असतं तरी तिला घरी आणायला पुरलं असतं.

"फार चांगली आहे," मी म्हणालो. "ठेवून घ्या."

मालकीणबाई वाकल्या. मीही वाकलो, आणि डोळे कोरडे होईपर्यंत वर पाहिलं नाही.

क्लेमेंटीला पोचलो, तर नोकरी मिळाल्याची बातमी माझ्याआधीच घरी आली होती. मी बायकोला सगळं सांगितलं, प्रदक्षिणेपासून मालकीणबाईंच्या प्रश्नापर्यंत.

"मी असते तर माझ्याच्यानं 'ठेवून घ्या' नसतं म्हणवलं," ती म्हणाली.

माझ्याच्यानं कसं म्हणवलं, ते मला अजून कळलेलं नाही.