केबिनमधलं स्थिरचित्र

शाळेतून आलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती: पाल्याच्या वर्तनाबाबत येऊन भेटावे. पाल्य म्हणजे माझी मुलगी, नववीतली. तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आई, दोन-चार वेळा केबिनमध्ये बसवलं."

केबिन हे मुलांनी दिलेलं नाव. दारावरच्या पाटीवर 'आत्मचिंतन कक्ष' असं लिहिलेलं आहे. लालबागमधल्या या शाळेत छडी कधीच बंद झाली, ओणवं उभं करणंही बंद झालं. वर्गात दंगा करणाऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न उरला. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत थोडी जागा करून एक टेबल आणि एक खुर्ची ठेवली. गुन्हा पाहून एक तास, दोन तास किंवा मधल्या सुट्टीपर्यंत तिथे एकटं बसायचं. दाराबाहेर स्टुलावर शाळेच्या मावशी. आतल्याने बोलायचं नाही आणि मावशींनीही नाही.

मी वर्तमानपत्रात काम करते. मुलाला एकटं बसवून शिस्त लागते का, यावरचे चार प्रश्न वहीत लिहूनच बुधवारी सकाळी शाळेत गेले. पहिला विचारायच्या आत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, रजिस्टर माझ्यासमोर उघडलं.

तीन आठवड्यांत पाच नोंदी. बडबड. वही विसरली. वही विसरली. प्रार्थनेला डोळे उघडे. गणिताच्या तासाला उलट उत्तर. शेवटच्या रकान्यात मावशींच्या अक्षरात पाचही वेळा एकच शेरा: शांत बसली.

"वर शांत बसते आणि खाली आली की पुन्हा तेच," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी काही आहे का?"

"घरी सहा माणसं आहेत."

"तसं नाही हो. काही ताण वगैरे?"

काळाचौकीच्या एका खोलीत सहा माणसं असताना ताण वेगळा काढून दाखवणं अवघड होतं.

"सहावी नोंद झाली तर इंटरमिजिएटच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

इंटरमिजिएट म्हणजे चित्रकलेची सरकारी परीक्षा. मुलीचं वर्षभर दुसरं बोलणं नव्हतं. चित्रकलेच्या सरांची अट होती: शनिवारपर्यंत एक पूर्ण स्थिरचित्र दाखवायचं, मगच नाव जाईल. चार वस्तू मांडून, समोर बसून रंगवायचं ते स्थिरचित्र. घरी विचारलं की ती सांगायची, "होतंय." कुठे होतंय, हे मी विचारलं नव्हतं.

मी खोली बघायला मागितली. मोठ्या बाईंचे गुडघे दुखतात. उद्घाटनानंतर त्या वर चढल्या नव्हत्या, खोली त्यांना रजिस्टरातूनच माहीत होती. त्या दिवशी आल्या, प्रत्येक मजल्यावर थांबत.

मावशी स्टुलावरून उठल्या आणि कारण नसताना दारासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी हातानेच त्यांना बाजूला केलं.

टेबलावर हिरव्या पडद्याचा तुकडा चुण्या पाडून पसरला होता. त्यावर एका बाजूने चेपलेला पृथ्वीगोल, पितळी घंटा, एक लेझीम आणि तीन पुडांचा स्टीलचा डबा. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी खडूची रेघ. भिंतीला ड्रॉइंग बोर्ड टेकवलेला. चित्रात गोल झाला होता, घंटा झाली होती, लेझीमही. डबा अर्धा राहिला होता.

मोठ्या बाईंनी एकेक वस्तू बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "हा डबा शाळेच्या सामानातला नाही."

"माझा आहे, बाई," मावशी म्हणाल्या. "ती म्हणाली, हलवू नका, उजेड बदलतो."

"मग तुम्ही जेवता कशात?"

"सोमवारपासून कागदात चपातीभाजी आणतेय. शिक्षा तिला झालीय की मला, तेच कळेना."

मुलीला वर्गातून बोलावलं. बोर्डाकडे आणि मग माझ्याकडे बघून तिने अंदाज घेतला.

"हे घरी का नाही करत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घरी तांब्या मांडला की आजोबा त्यातनं पाणी पितात. कापडाला चुण्या पाडल्या की काकी उचलून घडी घालते. आणि कांदे आईने पोह्यात घातले."

हे खरं होतं. पोहे मीच केले होते. माझे सासरे तेव्हा तिला म्हणाले होते, "चित्र मगे काड, आदी माका पाणी दी." त्यावर घरात सगळे हसले होते, ती सोडून.

"मग शाळेत विचारायचं."

"विचारलं होतं. सर म्हणाले, ती खोली फक्त शिक्षेसाठी आहे."

"म्हणून शिक्षा घेतलीस?"

"पहिल्यांदा खरंच बडबडले होते, बाई. बाकीचं मुद्दाम."

"उलट उत्तरसुद्धा?"

"त्याला मधल्या सुट्टीपर्यंत मिळतं. वहीला दोनच तास."

मावशींनी तोंडाला पदर लावला. माझे चारही प्रश्न वहीतच राहिले. त्यांतला एक विचारण्याजोगा होता. तो न विचारताच मावशींनी उत्तर दिलं. "हिचं सोडा हो. पण सगळ्यांना नाही सोसत. परवा सातवीतली एक मुलगी इथे रडरड रडली. मी दार उघडून आत जाऊन बसले तिच्याजवळ."

"रजिस्टरात 'शांत बसली' असं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नंतर बसली की शांत."

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. त्या खोलीत खुर्ची एकच. बाकी आम्ही तिघी उभ्या.

"शिक्षेशिवाय खोली देता येत नाही. शिक्षा दिली तर फॉर्मवर सही करता येत नाही. किती काम राहिलंय?"

"दोन दिवस. डब्यावर गोल दिसतो ना, तो काढायचाय."

बाईंनी खरंच वाकून बघितलं. डब्याच्या मधल्या पुडावर गोल दिसत होता, लांबट झालेला.

"मावशी, या खोलीतल्या सामानाची यादी झालीय का कधी?"

"नाही बाई."

"मग लिहा. दोन दिवस, सामानाची यादी करण्यासाठी विद्यार्थिनी एक. शिक्षा नाही."

"यादी चित्रातनं केली तर चालेल?" मुलीने विचारलं.

"रंगीत असेल तर चालेल. आणि गणिताच्या बाईंची माफी माग. उलट उत्तर फुकट जात नाही."

"म्हणजे माझा डबा अजून दोन दिवस?" मावशींनी विचारलं.

जिना उतरण्याआधी मोठ्या बाईंनी बाहेरचं स्टूल पायाने दाराच्या आत सरकवलं. "इथेच बसत जा. कोणी रडलं तर बोला त्यांच्याशी." पाटी होती तीच राहिली.

शनिवारी मी सही झालेला फॉर्म घ्यायला गेले. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. गुरुवार-शुक्रवारच्या नोंदीपुढे मावशींचा शेरा: शांत बसली. डबा परत मिळाला.