एक तृतीयांश खैरुन्निसा

तहसिलीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खैरुन्निसा बावीस वर्षं टाईप करते आहे. आधी खडखडत्या मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. तिचं टेबल वकील भूपेंद्र महाजनांच्या टेबलाला चिकटलेलं. भाडेचिठ्ठ्या, शपथपत्रं, खरेदीखतं, आणि सगळ्यांत जास्त हकत्याग: बापाच्या मालमत्तेतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून दिला, असा कागद. त्याची फाईल तयारच असते. नावं, गाव आणि जमिनीचा खसरा नंबर तेवढे बदलायचे. कचेरीच्या हिंदीतली मधली ओळ कधीच बदलायची नसते: 'मैं बिना किसी दबाव के, राजीखुशी से अपना हक त्याग रही हूँ.'

बाया येतात. आसपासच्या गावांतल्या, खकनारच्या, बहादरपुरच्या. पुढे भाऊ, मागे बहीण. भाऊ केळीच्या भावावर बोलत असतो, बहीण अंगठा देते आणि शाई कुठे पुसावी ते शोधत राहते. एकदा बहादरपुरच्या शोभानं विचारलं होतं, "माय, काय लिहेल आहे याच्यात?" भाऊच म्हणाला, "लिहेल आहे की तू माझी बहीण हायेस." सगळी शेड हसली. शोभाही हसली. खैरूनही हसली. ते हसू आठवलं की ती अजून स्वतःला शिवी घालते.

तिच्या अब्बांचे घरामागच्या खोलीत तीन लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. लहानपणी ती कांड्या भरायची. बोटांना सुताच्या बारीक चिरा पडायच्या. लग्न झालं, पंचविसाव्या वर्षी तलाक झाला, ती परत याच घरात आली आणि टायपिंग शिकली. तेव्हापासून तिनं कुणाच्या जिवावर खाल्लं नाही. अम्मी लवकर गेली. अब्बांना लकवा झाला तेव्हा तीन वर्षं त्यांना उचललं, धुतलं, भरवलं ते खैरूननं. तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा असलेला भाऊ इर्शाद तेव्हा लूम चालवायचा. लूमच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, असं तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात अब्बा गेले. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी इर्शाद शेडमध्ये आला. सोबत जिलेबी आणली होती.

"आपा, एक छोटं काम होतं. तुझा तो हकत्यागचा कागद असतो ना, तसा एक काढ. घर आणि लूम माझ्या नावावर होऊन जाऊ दे."

"कुणाचा हक?"

"तुझाच. और किसका?" तो हसला. "तुझ्यापेक्षा साफ टाईप कोण करतं? फीसही वाचेल."

सवयीनं तिनं फाईल उघडली. सवयीनंच नाव भरलं: खैरुन्निसा, पुत्री स्वर्गीय अब्दुल वहाब. मग ती मधल्या ओळीवर आली आणि तिची बोटं थांबली.

"इर्शाद, दबाव नाही ना?"

"कसला दबाव? घरात राहतेस, कुणी काही बोललं कधी?"

"आणि सही नाही केली तर?"

तो प्रिंटरकडे बघत राहिला. "फिर तू ही सोच आपा. तुझ्या भावजयीला कोण समजावेल?"

खैरूननं फाईल बंद केली. जिलेबी उचलून त्याच्या हातात दिली.

जुम्म्याला ती मुफ्तीसाहेबांकडे गेली. ते सरळ बोलले. "भावाला दोन, बहिणीला एक. तुझा एक हिस्सा फर्ज आहे. तो खाणं हराम."

"मग इर्शादला तसं सांगा."

"सांगीन. पण बेटी, तू माफ करून टाकलंस तर सवाब, पुण्य मोठं."

"तो सवाब इर्शादला का नको, हजरत? त्यानं द्यावं ना."

मुफ्तीसाहेब हसले नाहीत. तिनं पुढे विचारलं, "आणि त्याला दोन का?"

"कारण घरातल्या बायांचा खर्च त्याच्यावर."

"बावीस वर्षं माझा खर्च माझ्यावर आहे. अब्बांची औषधंही माझ्यावर होती." मुफ्तीसाहेब घड्याळाकडे बघून नमाजला उठले.

सोमवारी तिनं भूपेंद्र वकिलांना दावा लिहायला सांगितला. ते खुर्चीत मागे रेलले. "हेच तर मी म्हणतो, आपा. तुमच्यात बाईला भावाच्या अर्धंच. आमच्यात बघा, लेकीला बरोबरीचा वाटा. कायदाच आहे."

"तुमच्या बहिणीचा, रश्मीताईंचा हकत्याग मीच टाईप केला होता, वकीलसाहेब. बुधवारा पेठेतल्या दुकानाचा."

"ते वेगळं. रश्मीनं राजीखुशीनं दिलं."

"हो. ती ओळ माझ्या फाईलमध्ये असतेच."

वकिलांनी समोरची फाईल उघडली. एका कायद्यानं बाईला भावाच्या अर्धं दिलं आणि भावानं ते खाल्लं. दुसऱ्यानं पूर्ण दिलं, तेही भावानंच खाल्लं. आणि वर दोघं एकमेकांच्या बायांची कीव करतात. मतदानाच्या दिवशी खैरूनच्या बोटाला पूर्ण शाई लागते. तिचं मत कुणी भावाच्या अर्धं धरून मोजत नाही. वाटणीच्या दिवशी मात्र तेच सरकार तिला विचारतं, तू कुणाच्यातली?

"मला भावाइतकंच, घराचं बरोबर अर्धं पाहिजे," ती म्हणाली.

"मागून काय उपयोग? कोर्ट शरीयतच लावणार. एक भाऊ, एक बहीण, म्हणजे तुम्हाला एक तृतीयांश. समानतेचा मुद्दा काढायचा तर हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट. तोवर तुम्ही राहाल का?"

"शरीयत लावायचं कुणी ठरवलं?"

"सरकारनंच. कायदा आहे तसा."

"म्हणजे तुमच्या-माझ्या सरकारनं. मग घडीघडी 'तुमच्यात, तुमच्यात' काय करता?"

दावा तिनं स्वतःच टाईप केला. एक तृतीयांशचाच केला, कारण जास्त मागून तेवढंही हातचं घालवायची तिची ऐपत नव्हती. हे लिहिताना ती इतकी चिडली की एका परिच्छेदात सात चुका झाल्या. सगळ्या सुधारल्यावर तिनं शेवटी एक ओळ घातली: 'वादिनी एक तिहाई इसलिए माँग रही है कि कानून इतना ही देता है. वह इसे अपना पूरा हिस्सा नहीं मानती.'

"हे काढा," वकील म्हणाले. "जज चिडेल."

"चिडू दे. मी एकटीनंच किती चिडायचं?"

त्यांनी पेनानं ओळ खोडली. तिनं नवी प्रत काढली, ओळीसकट. त्यांनी पुन्हा खोडली, तिनं पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी त्यांनी न बघता सही केली.

कोर्टाची नोटीस घरी पोचली त्या दुपारी भावजयीनं खैरूनची पेटी, गादी आणि शिवणमशीन ओट्यावर आणून ठेवली. गल्ली बघत होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बेटी, एक सही से घर बच जाता." खैरूननं आधी पेटी आत नेली, मग गादी. शिवणमशीन जड होतं. ते तिनं ओढत नेलं, फरशीवर ओरखडा पडला तरी. मग आपल्या खोलीला आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी इर्शाद शेडमध्ये ओरडत आला. बाया बाजूला सरकल्या.

"अब्बांना कोर्टात उभं केलंस तू! मेलेल्या बापाला!"

"अब्बांना कुणी बोलावलेलं नाही," खैरुन्निसा म्हणाली. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुला बोलावलंय. अठरा तारखेला, अकरा वाजता. उशीर करू नकोस."