आक्काला सांगायला निघालो, पनवेलला गाडी अडकली

बायकोचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणहून पेणला निघालो. पेणला तिची थोरली बहीण, आक्का. धाकटी गेली हे तिला अजून कुणी कळवलं नव्हतं. मी स्वतः जाऊन सांगणार होतो. पण पुतण्याने आदल्या दिवशी मला न विचारता वर 'श्री' नसलेलं, मृत्यू कळवणारं कार्ड टाकलं. आक्काला वाचता येत नाही. म्हणजे उद्या पोस्टमन अंगणात उभा राहून वाचून दाखवणार. ते मला नको होतं. कार्डाच्या आधी पोचायचं, एवढंच डोक्यात.

गाडी जुनी, लढाईच्या आधीची. जन्मभर हिच्यावरच भाडी मारली. शिळफाट्यापर्यंत नीट चालली. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं. तळोजा मागे पडलं आणि हॉर्न दाबला की इंजिन गचके खाऊ लागलं. पनवेलच्या अलीकडे बंदच पडलं. हँडल मारून मारून दंड भरून आले.

नेऱ्याचा एक बैलगाडीवाला थांबला.

"म्हातारबा, बैल लावू का? माजे बैल पेट्रोल मागत नाय."

"लाव," म्हणालो. लाज कसली.

दोर बांधून त्याने गाडी पनवेलात आणली. वाटेत ओंजळभर पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) दिली. सकाळपासून पोटात तेवढंच गेलं.

नाक्यावर एक म्हातारा मिस्त्री होता, लोक त्याला चाचा म्हणत. मी म्हटलं, "डायनॅमो गेलाय. मला कळतं यातलं."

"कळतं तर बैल लावून कशाला आलात?"

त्याने बल्बला दोन तारा जोडल्या. एक बॅटरीला लावली, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. बल्ब पेटेना. मग बॅटरीला सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवली. खाली चकचकीत काळा रंग.

"रंगावर पट्टी कुणी कसली? करंट जाणार कुठून?"

"मीच."

"इतकी वर्षं गाडी चालवून?"

मग सांगितलं. बायको गेली. सुतकात कुणाकडे जाता येईना, घरात बसवेना. उरलेला ऑइलपेंट काढला आणि गाडीला फासत बसलो. बॅटरी उतरवून तिच्याखालचं लोखंडही सोडलं नाही.

चाचाने पॉलिशपेपर माझ्या हातात दिला. "तुम्हीच खरवडा बाबा. हाताला काम असू द्या."

लोखंड पांढरं होईपर्यंत खरवडलं. पट्टी कसली. पहिल्याच हँडलला गाडी लागली. चहा घ्या म्हणाला, पण ऊन उतरलं होतं.

दिवेलागणीला पेणला पोचलो. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. आक्का दारात आली, तिने माझ्यामागे रिकाम्या गाडीत पाहिलं.

"एकटेच आलात?"

"हो," म्हणालो. पुढचं बोलावं लागलं नाही. ती उंबऱ्यावर बसली. मी आत जाऊन तिला पाणी आणून दिलं.

सकाळी कार्ड आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि फाडलं.

तिसऱ्या दिवशी परतलो तेव्हा आक्का बरोबर होती. बहिणीची लुगडी आवरून देते म्हणाली. मी त्यांना अजून हात लावला नव्हता. कल्याणला दाराचं कुलूप काढलं आणि तिला पुढे होऊ दिलं. तिला सांगायला निघालो असं सगळ्यांना म्हणालो होतो, ते खोटं नव्हतं. पण या घरात मला एकट्याला शिरवत नव्हतं, हेही तितकंच खरं.