पहिल्या आठवड्यातली वैद्यबाई

सातवा महिना लागला आणि माझा रक्तदाब वाढायला लागला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "पडून राहायचं. उठायचं ते बाथरूमपुरतं. आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही." लोणारला आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा सकाळी नऊच्या बसने मेहकरला ऑफिसला जायचा, तो दिवेलागणीला परत. दुपारी शेजारच्या काकू ताट आणून द्यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. मधला सगळा वेळ मी, छतावरचा पंखा आणि पोटातल्या लाथा.

त्याच आठवड्यात तो नवा गेम आला. तलवारी, जादू, राक्षस, आणि जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या जगात फिरणारे. कॉलेजात असताना असले खेळ मी पुष्कळ खेळले होते. म्हटलं, पडल्या पडल्या एवढं तर करता येईल. उशीवर लॅपटॉप ठेवला, कानाला हेडफोन लावला.

पहिल्या दिवशी खेळायलाच मिळालं नाही. सर्व्हरवर एवढी गर्दी की पडद्यावर नुसती रांग. आपला नंबर कितवा आहे ते दिसायचं आणि तो गोगलगाईसारखा खाली यायचा. दुसऱ्या दिवशी आत शिरले. स्वतःचं पात्र बनवण्यात तासभर गेला, कारण नाकाची लांबीसुद्धा ठरवता येत होती. मला इकडे कूस बदलायला उशीचा आधार लागायचा, म्हणून मी तिकडे एक धिप्पाड बाई बनवली, हातात दाराएवढी ढाल.

चित्रं फार सुंदर होती, हे कबूल करते. नदीकाठचं गाव, लाकडी घरं, झाडांतून उतरणारं ऊन. पण काम काय, तर एका म्हाताऱ्याला दहा अळंब्या आणून द्यायच्या. आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला तेच काम. त्यामुळे एकेका झाडाखाली पन्नास-साठ वीर, जादूगार, धनुर्धारी घोळका करून उभे, अळंबी कधी उगवते याची वाट बघत. उगवली की झुंबड. मी अर्ध्या तासात दोन मिळवल्या आणि वैतागून चॅटमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'कोणी मराठी आहे का इथे?'

दोन उत्तरं आली. एक होतं, 'होय, पुण्याहून.' दुसरं, 'हाव, आहे नं.'

असे आम्ही तिघं एकत्र आलो. पुण्याचे गृहस्थ चाळिशीतले, घरून काम करणारे, मीटिंगांच्या मधे खेळणारे. त्यांचं पात्र तिरंदाज. तिसरी बाई जळगाव जामोदची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची मास्तरीण. नोकरीत असताना सक्तीने कॉम्प्युटरचा कोर्स करावा लागला, तो आता असा कामी आला होता. मुलाने व्हिडिओ कॉलसाठी घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर ती खेळायची. तिने वैद्य निवडली होती. जखमींवर मंत्र टाकून त्यांना बरं करणारी, पांढऱ्या झग्यातली एक नाजूक पोरगी.

"एवढे वर्स दुसऱ्याच्या पोराइले खेळाले सोडलं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता माही पाळी."

पुणेकरांना तिची भाषा ऐकून हसू यायचं. एकदा ते म्हणाले, "काकू, 'मले' नाही हो, 'मला'."

"तुम्ही मला म्हणा, मी मले म्हणते. राक्षसाले काही फरक पडते का?"

त्यानंतर त्यांनी तिची भाषा सुधारायचा नाद सोडला. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिचं नाव मी विचारलं नाही, तिने माझं विचारलं नाही. तिच्या माइकमधून सतत एक घरघर यायची. विचारलं तर म्हणाली, "समोर पिठाची गिरणी आहे नं माय. दिवसभर चालू राह्यते." तिच्याविषयी आम्हाला एवढीच माहिती होती, आणि माझ्याविषयी त्यांना एवढीच, की दिवस गेलेत आणि पडून राहायला सांगितलंय.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही खाणीतल्या दगडी राक्षसाकडे निघालो. आदल्या दिवशी त्याने आम्हाला दोनदा मारलं होतं. खाणीत शिरलं की मागचं दार बंद व्हायचं; एकतर राक्षस मरणार, नाहीतर आपण. मी ढाल घेऊन पुढे, पुणेकर लांबून बाण मारणार, मावशी मागून आम्हाला जिवंत ठेवणार, असं ठरलं होतं. मावशीला यायला उशीर झाला. "बारा वाजतापासून त्या लायनीत बसली होती," ती म्हणाली, "आता कुठी नंबर लागला." तेव्हा दोन वाजत आले होते.

सुरुवात चांगली झाली. मग पडद्यावर माझं रक्त कमी व्हायला लागलं आणि मंत्र काही येईना. मागे वळून बघितलं तर वैद्य भिंतीकडे तोंड करून चालत होती. भिंतीला थटली तरी चालतच होती.

"मावशी, इकडे या, मागे या."

"आलीच तर आहे."

पात्र भिंतीशीच चालत राहिलं. मग ती एकदम म्हणाली, "सतराचा पाढा म्हण."

पुणेकर हसले. "काकू, आज दुपारीच काय घेतलंत?"

"गप बस बे! वर्गाच्या बाहेर उभा राह्य!"

 मी दचकले. इतक्या दिवसांत तिने आवाज म्हणून चढवला नव्हता. शिवाय बोलताना तिची जीभ जड वाटत होती, शब्द एकमेकांत मिसळत होते.

माझ्या वडिलांना साखरेचा आजार होता. मी दहावीत असताना एका दुपारी ते शर्टाची बटणं लावत बसले होते, लावायचे आणि परत काढायचे, आणि आई विचारायला गेली तर तिच्यावर खेकसले. घराला शिव्या माहीत नव्हत्या, त्या दिवशी ऐकल्या. थोड्या वेळाने साखर उतरून ते कोसळले. दवाखान्यातून बरे होऊन आले, पण डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं: माणूस असा विचित्र वागायला लागला की आधी गोड द्या, प्रश्न नंतर विचारा. आणि बेशुद्ध झाला तर तोंडात काही घालू नका, श्वासात अडकेल.

"मावशी, तुम्हाला शुगर आहे का?"

"हाव."

"इंजेक्शन घेता?"

"बारा वाजता घेतलं नं."

"आणि जेवण?"

"थाळी झाकून ठेवली आहे." मग जरा थांबून, "लायन लागली होती."

"घरात कोण आहे?"

"कोण पाह्यजे तुले?"

"मावशी, उठा. साखर खा. आत्ताच्या आत्ता."

"काऊन? मी उठली तं तू मरशील नं. मी नाही उठत."

"मरू द्या मला. खेळ आहे तो."

"मी नाही उठत," ती म्हणाली, आणि ते लहान मुलाच्या हट्टासारखं होतं. मी विनवलं, रागावले. उलट ती चिडायला लागली. तिकडे राक्षस माझ्या ढालीवर घाव घालत होता. इकडे माझं पोट दगडासारखं कडक झालं. मी एक हात पोटावर ठेवला. उठून मी तरी कुठे जाणार होते? ती आमच्याच जिल्ह्याच्या वरच्या टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी, मी खालच्या टोकाला. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

मग सुचलं ते सुचलं. या नव्या गेममध्ये रोज काहीतरी बदलायचं. आज हा मंत्र कमजोर केला, उद्या तो नियम नवा आणला. मी आवाज शक्य तेवढा शांत केला. "मावशी, आज सकाळी नियम बदलला. वैद्याने आधी स्वतः साखर खायची, मगच तिचा मंत्र चालतो."

"असं? काल तं नोयता."

"आजच आला."

"लेखी आहे का?"

"हो, लेखी आहे. तीन मोठे चमचे. तुमच्या स्वयंपाकघरात जा, डबा काढा, तिथेच बसून खा. जमिनीवर बसून."

नियमाने वागण्यात तिचा जन्म गेला होता. "नियम आहे तं मंग जाते," ती म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा खडखडाट झाला. म्हणजे आता माझं बोलणं तिला ऐकू जाणार नव्हतं. मला मात्र तिकडचं सगळं ऐकू येत होतं. घासत जाणारी पावलं. गिरणीची घरघर. मग काहीतरी पत्र्याचं दणकन पडलं आणि घरंगळत गेलं. आणि पुढे काहीच नाही.

"दादा," मी म्हटलं, "त्या पडल्या बहुतेक."

पुणेकरांचा तिरंदाज मघापासून हात खाली सोडून उभा होता. "मी नकाशा उघडलाय," ते म्हणाले. "जळगाव जामोद. पिठाची गिरणी सापडत नाहीये, पण दुकानांचे नंबर आहेत. लावतोय." पहिल्या दुकानात कोणी उचललं नाही. दुसऱ्या ठिकाणी, एका हार्डवेअरच्या दुकानात, उचललं. त्यांचं एका बाजूचं बोलणं मला ऐकू येत होतं. "नमस्कार, मी पुण्याहून बोलतोय. नाव माहीत नाही हो. निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायच्या. समोर पिठाची गिरणी आहे." मग ते थांबले, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडे शिकलात? मग कृपा करून लगेच जा. साखर उतरलीय त्यांची."

राक्षसाने ढाल फोडली. आधी तिरंदाज गेला, मग मी, आणि सगळ्यात शेवटी भिंतीला टेकलेली ती पांढऱ्या झग्यातली पोरगी. पडदा करडा झाला. परत जिवंत होण्याचं बटण लुकलुकत होतं, ते कोणी दाबलं नाही. मी डोळे मिटून नुसती गिरणी ऐकत राहिले. पुणेकरांचा श्वास ऐकू येत होता. मधेच ते म्हणाले, "तुम्ही ठीक आहात ना? तुम्हाला झोपून राहायला सांगितलंय." मी म्हटलं, "झोपलेलीच आहे." त्या क्षणी आम्हा दोघांनाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तास वाटला, दहा-बारा मिनिटंच असतील. मग दार थापटल्याचा आवाज आला. "मॅडम! ओ मॅडम!" दार उघडंच असावं, कारण पाठोपाठ चपलांचा आवाज आत आला.

"मॅडम, काय झालं तुमाले?"

आणि तिचा आवाज, जड, पण तिचाच. "कोण आहे बे?"

मी रडायला लागले.

थोड्या वेळाने त्या माणसाने हेडफोन उचलला. "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" मी म्हटलं, "आम्ही सोबत खेळतो." तो म्हणाला, "खाली बसेल आहे मॅडम. डबा मांडीवर आहे, तोंडभर साखर. घाम लय आला आहे. आता ओळखलं मले." मी त्याला सांगितलं, अजून थोडी साखर द्या, शुद्धीत आहेत तोवर जेवण भरवा आणि डॉक्टरांना बोलवा, एकटं सोडू नका. तो प्रत्येक गोष्टीला "हाव, हाव" म्हणत होता, बहुतेक शाळेत तिच्यासमोर म्हणायचा तसं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा खेळता खेळता पोट कडक झालं, एवढंच मी त्याला सांगितलं. तो तसाच मागे फिरला आणि रिक्षा घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्तदाब वाढलेला होता पण बाळ ठीक होतं. त्यांनी मला पुढे दोन दिवस लॅपटॉपला हात लावू दिला नाही. ते दोन दिवस मात्र वाईट गेले. मावशीचं पुढे काय झालं, कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी आत गेले तर नदीकाठच्या पुलावर पांढऱ्या झग्यातली पोरगी उभी. तिने पुणेकरांकडून सगळं ऐकलं होतं. आधी पुणेकरांना म्हणाली, "तुम्हाले वर्गाच्या बाहेर काढलं म्हणे मी. माफ करा." मग मला म्हणाली, "पोरी, तो नियम कुठीच लिहेल नाही. मी सगळं वाचून काढलं."

"नाही मावशी. खोटं बोलले."

"मले वाटलंच." पांढऱ्या झग्यातली पोरगी पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. "मुलाने फोनवर लय ऐकवलं," ती म्हणाली. "कॉम्प्युटर काढून टाक म्हणे. मी म्हटलं, कॉम्प्युटर नसता तं मी एकटी पडली असती घरात. तं तो म्हणे, कॉम्प्युटर नसता तं तू जेवली असती. त्याचंही बरोबर आहे."

त्यानंतर ती दुपारी जेवून मगच यायची आणि आल्याबरोबर काय जेवली ते सांगायची. पुणेकर रोज विचारायचे. आम्ही दगडी राक्षसाकडे परत गेलो नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण त्या खाणीचं नाव निघालं की कोणीतरी दुसरीकडे जायचं सुचवायचं.

मला मुलगी झाली. ती दीड महिन्याची असताना एका रविवारी मावशी लोणारला आली. तीन बस बदलून, पहाटे निघून. दारात एक बुटकी, चष्मेवाली बाई उभी, खांद्याला कापडी पिशवी. मी ओळखलं नाही, तिने "आहे का पोरी घरी?" म्हटलं तेव्हा ओळखलं. समोरासमोर बसल्यावर काय बोलावं आम्हाला कळेना. तास तास बोलत बसणाऱ्या आम्ही दोघी, दुधाची वेळ, झोप, वजन एवढंच विचारत राहिलो. तिने मुलीला मांडीवर घेतलं, बराच वेळ घेऊन बसली, आणि मला जेवायला बसायला सांगितलं. स्वतः मात्र घड्याळ बघून आधी पिशवीतून इंजेक्शन काढलं, आणि ताट समोर आल्याशिवाय टोचून घेतलं नाही.

नवऱ्याने वाढता वाढता विचारलं, "मॅडम, तुमची नेमकी ओळख कुठली?"

तिने घास घेतला, चावला, आणि मग म्हणाली, "सोबत मेलो होतो आम्ही, एका खाणीत."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला भाजी वाढ म्हटलं. एकच्या बसला तो तिला स्टँडवर सोडून आला. अंधार पडायच्या सुमाराला तिचा फोन आला, पोचली म्हणून, आणि मागे गिरणी चालू होती.