सरांचा हात

आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांना मुलं देवमाणूस म्हणायची. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. मला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चुकलेलं गणित पोरांच्या पुढ्यात परत ढकलते आणि सरांना कुणाचं अडलेलं बघवत नाही, एवढाच काय तो फरक. प्रोग्रॅम अडून स्क्रीनवर लाल अक्षरं आली की पोरं नुसता हात वर करायची. सर लगबगीने जाऊन खांद्यावरून वाकायचे, कीबोर्डवर बोटं चालवायचे, लाल अक्षरं गायब. "चाललं ना? पुढे चला." निकाल दरवर्षी झकास. मी काही बोलले तर म्हणे जळते.

त्याच लॅबमध्ये सरांची पुतणी शिकली, पहिली आली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. नोकरी अजून कच्ची होती, काम बघून पक्की करणार होते. सरांनी मात्र तेवढ्यावरच अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला.

एकदा मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. सरांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे समोर डबा खाणाऱ्या मलाही सगळं ऐकू आलं.

"काका, लाल आलंय."

"अगं, मग वाच ना. काय चुकलंय ते तिथेच लिहिलेलं असतं."

"वाचायचं कसं ते कधी शिकवलंत? तुम्ही यायचात, दोन बटणं दाबायचात आणि जायचात."

सरांनी डबा बाजूला सारला. "सुट्टीच्या दिवशी घरी ये," म्हणाले.

मग ती काकांकडे सरावाला येऊ लागली. शेवटी कंपनीने एक छोटा प्रोग्रॅम घरून करून आणायला सांगितला. त्यावरच नोकरीचं ठरणार होतं. हात लावायचा नाही, असं सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण पोर रडकुंडीला आली आणि ती तोंड धुवायला उठली तेवढ्यात यांनी तीन ओळी बदलल्या. प्रोग्रॅम सुरळीत चालला. कंपनीतल्या बाईंनी कौतुक केलं आणि सहज विचारलं, "या ओळी अशा का लिहिल्यास?" पोरीला सांगता येईना. नोकरी गेली.

"तिची नोकरी मी खाल्ली," सर मला म्हणाले. "एकदा लॅबमध्ये, एकदा घरी."

तसं नाही हो, असं म्हणायला हवं होतं. मला खोटं जमत नाही. मी म्हटलं, "हो."

आता सर लॅबमध्ये हात मागे बांधून फिरतात. कुणी बोलावलं की म्हणतात, "मोठ्याने वाच." एकेका चुकीत अख्खा तास जातो. अभ्यासक्रम मागे पडलाय, पोरं कुरकुरतात, प्राचार्यांनी बोलावून झापलं. त्याचं सरांना काही नाही. पास होऊन गेलेली पोरं आठवतात म्हणे, कुठे कुठे अडली असतील म्हणून मन खातं.

पुतणी रोज लॅबमध्ये येऊन दुसऱ्या नोकरीची तयारी करते. काल मी खडू मागायला गेले, तर तिच्या स्क्रीनवर लाल अक्षरं. ती ओठ हलवत वाचत होती, सर मागे उभे. बराच वेळ तिला काही सुचेना. सरांचा हात पाठीमागून सुटला आणि तिच्या खांद्यावरून पुढे आला.

मागे न बघता ती म्हणाली, "काका, हात."

सरांनी हात मागे घेतला.