बुधवार बाजारातलं पोर्तुगीज

मुलीला सातवा महिना लागला आणि लिस्बनच्या डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठू नकोस म्हणून सांगितलं. जावई दिवसभर नोकरीवर. म्हणजे घर मी सांभाळायचं. नवरा गेल्यापासून दिल्लीतल्या द्वारकेहून गाझियाबादला जायचं तरी मी भाच्याला सोबत नेत असे, आणि आता परक्या देशात दूध, भाजी, औषधं एकटीने आणायची!

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर गोव्याच्या एक आंटी राहतात. अठ्ठ्याहत्तरीच्या. त्यांची शाळा पोर्तुगीजमध्ये झालेली. त्यांनी शिकवायचं कबूल केलं, पण व्याकरण नाही. "बाय, तुला बाजार करायचाय ना? मग बाजारातलंच शीक." क्वांतु कुश्ता, म्हणजे केवढ्याला? केरु, मला हवंय. तें देश्कोंतु, काही सूट आहे का? पोळ्या लाटताना मी पुटपुटत राहायचे, पण आंटींसमोर बसले की जीभ टाळूला चिकटायची.

एकदा त्या म्हणाल्या, "चल, आज बुधवार बाजारात तुझी परीक्षा." आमच्या सेक्टरात दर बुधवारी भाजीच्या गाड्या लागतात. मी गिऱ्हाईक, त्या दुकानदार. खरा भाजीवाला हसून बघत होता. मी वांगं उचललं. "ए मुइंतु कारु." फारच महाग आहे.



वळून पाहिलं तर आंटींचा चेहरा घामाने डबडबला होता. "आंटी, काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ती नजर ओळखीची नव्हती. मग त्या भराभर पोर्तुगीज बोलू लागल्या, लहान मुलीसारख्या चिरक्या आवाजात. मला त्यातलं 'केरु' तेवढं कळत होतं. काहीतरी हवं होतं त्यांना. काय, ते समजेना.

"अम्माजी को क्या हुआ?" माणसं जमली. त्या गर्दीने आंटी आणखीच बिथरल्या. माझा हात झटकून त्या सरळ रस्त्याकडे निघाल्या. समोरून ई-रिक्षा, स्कूटर, सगळं सुसाट. मराठीत हाक मारली, हिंदीत मारली. त्या वळेचनात.

"क्वांतु कुश्ता?" मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्या थांबल्या.

मी जवळ गेले आणि येत होतं तेवढं सगळं बोलत सुटले. केवढ्याला, फार महाग, सूट आहे का, पुन्हा केवढ्याला. आंटी माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत राहिल्या आणि त्यांनी माझा पदर घट्ट धरला.

गर्दीतल्या एका बाईने विचारलं, "शुगर है क्या इनको?" तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. आंटी इन्सुलिन घेतात, साखर उतरली असणार! मोसंबीवाल्याने पटकन ग्लास भरला. मी घोट घोट रस पाजला. निम्मा त्यांच्या अंगावर सांडला. रिक्षात बसेपर्यंत त्या कोकणीत बोलू लागल्या होत्या, आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि परीक्षेच्या उत्साहात नाश्ता राहून गेला, असं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा मुलगा गुरुग्रामहून येईपर्यंत मी बाकावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मी काय बोलत होते गं?"

"केरु एवढंच कळलं. पुढे काझा, काझा असं काहीतरी."

"काझा म्हणजे घर. घरी जायचंय म्हणत असेन."

मी तिकीट रद्द केलं नाही. पण त्या दिवसापासून मला लिस्बनच्या दुकानांची भीती वाटेनाशी झाली. वेगळीच भीती मनात बसली. मधुमेहाच्या गोळ्या मलाही चालू आहेत. तिथे मलाच कधी असं झालं आणि मी मराठीत बोलायला लागले, तर मुलगी अंथरुणात असताना माझ्याशी बोलणार कोण? आंटींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्याकडून फक्त 'मला मधुमेह आहे' आणि 'माझ्या मुलीला फोन करा' ही दोन वाक्यं घोटून घेतली. विमान सुटेपर्यंत मी तीच म्हणत होते.