आईच्या कानाला चालेल असं छप्पर

आईसाठी खोली बांधायची ठरली तेव्हा माझी एकच अट होती: वर उघडा पत्रा येणार नाही. ती ऐकून घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि छपराचं लोखंडी काम करणाऱ्या फॅब्रिकेटरनेही मला वेड्यात काढलं. शिरगावात आमचं बैठं घर आहे आणि मागे थोडी मोकळी जागा. तिथली जमीन म्हणजे जुन्या भातशेतीवर टाकलेला भराव. इंजिनिअरने बुटाने दोनदा दाबून पाहिलं आणि सांगितलं, "स्लॅबचा विचार सोडा. मातीची कौलंसुद्धा जड होतील. हलकं काहीतरी टाका." आमच्या भागात हलकं म्हटलं की पत्रा. दुसरा शब्दच कुणाच्या तोंडात येत नाही.

वडील गेल्यावर आई चामटोलीहून माझ्याकडे राहायला येणार होती. ती दोन्ही कानांनी कमी ऐकते. कानाचं मशीन लावलं की बोलणं नीट कळतं. पण चामटोलीच्या घराची कौलं उतरवून वडिलांनी पत्रे टाकले, तेव्हापासून दर पावसाळ्यात तोच प्रकार. सर आली की पत्र्याचा ताडताड आवाज मशीनमधून थेट डोक्यात शिरायचा आणि आई मशीन काढून डबीत ठेवायची. चार महिने ती घरात असून नसल्यासारखी. आमच्या तोंडाकडे बघून हसायची, कशालाही मान डोलवायची. कानाच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "मशीन काढून ठेवायची सवय लागली तर शब्द ओळखायची सवय सुटेल. मग मशीन लावूनही फारसा उपयोग नाही." त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना मला सरळ सरळ भीती वाटली. आई असेल, पण आईशी बोलता येणार नाही. तेव्हाच ठरवलं, हिच्या डोक्यावर वाजणारं छप्पर घालायचं नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. माल तपासल्याशिवाय मी सही करत नाही, मग वरचा साहेब समोर उभा राहिला तरी. नवरा म्हणतो, तू भाजीवालीचे टोमॅटोसुद्धा रिजेक्ट करतेस. ते काही खोटं नाही.

एका रविवारी उल्हासनगरच्या बाजारात गेले. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा. त्याने कौलासारखं दिसणारं पीव्हीसीचं शीट माझ्या हातात दिलं. "मॅडम, एक हात से उठाओ. कागज है कागज! गंजणार नाही, तापणार नाही."

"पावसात आवाज?"

"आवाज? झिरो आवाज."

झिरो म्हणणाऱ्या माणसावर मी कामावरही विश्वास ठेवत नाही. पीव्हीसीचा एक तुकडा, साध्या पत्र्याचा एक, आणि वरून बारीक खडी चिकटवलेल्या स्टीलच्या कौलाचा एक, असे हातभर लांबीचे तीन नमुने पिशवीत घालून घेऊन आले.

आई तेव्हा चार दिवसांसाठी आमच्याकडेच होती. तिला अंगणात खुर्चीवर बसवलं, दोन स्टुलांवर एकेक तुकडा आडवा टाकला आणि वरून झारीने पाणी सोडलं. मी बाजूला उभी राहून दहा भाज्यांची नावं घ्यायची, तिने ती परत म्हणायची. पीव्हीसीला दहापैकी दहा. मी खूश. पण खडीच्या कौलालाही दहा, आणि साध्या पत्र्यालासुद्धा दहा! तिथेच मला शंका यायला हवी होती. नाही आली. हलकं आहे, चांगलं दिसतंय आणि आईला ऐकू येतंय, म्हणून मी पीव्हीसीची ऑर्डर द्यायला फोन उचलला.

आईने माझा हात धरला. "बाय, एवरासा तुकरा काय वाजनार? आख्खा लाव, स्क्रू मार, मंग बघ."

माझ्या लहानपणी पावसाळ्याआधी घर शाकारायचं, म्हणजे सगळी कौलं उतरवून, तपासून परत चढवायची, हे काम वडील वर आणि आई खाली असं चालायचं. आई प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. बद्द आवाज आला की कौल तडकलेलं, बाजूला. शेकडो कौलं अशी तिच्या हाताखालून जायची. आणि मी, वीस वर्षं क्वालिटीत काढलेली बाई, नमुन्याचा तुकडा तपासून सगळ्या छपरावर सही करायला निघाले होते. कामावर कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

फॅब्रिकेटरला सांगितलं, मला लोखंडी चौकट हवी, चार फूट बाय सहा फूट, त्यावर अख्खं शीट स्क्रूने आवळून. तो हसला. "ताई, इथं कोन टेस्टिंग करत नाय. लोक रंग बघतात."

"मी आवाज बघणार आहे."

"आवाज बघनार?"

"करून देणार की दुसरीकडे जाऊ?"

दिली करून. चौकट चार ड्रमांवर उभी राहिली, बाजूचे लोक कुंपणापाशी जमले, आई मशीन लावून खाली बसली आणि मी पाण्याच्या मोटारीचा पाइप वर धरला. साधा पत्रा लावला तेव्हा आईने तीन भाज्या सांगितल्या आणि कानाला हात लावला. पीव्हीसीचं अख्खं शीट लावलं तेव्हा आवाज कमी होता हे खरं, पण घुमत होता. पाच भाज्यांनंतर तिने मशीन काढून मांडीवर ठेवलं. मग खडीचं कौल. नुसतं लावलं तर सहा. मी हट्टाने थांबवलं, कौलाखाली सिमेंटचा पातळ बोर्ड लावायला सांगितला आणि बोर्ड व कौल यांच्या मधे कापसासारखी जाड गादी भरायला लावली. फॅब्रिकेटर पुटपुटत होता. इंजिनिअरला फोन करून वजन विचारलं, तो म्हणाला चालेल.

पाणी सोडलं. आईने डोळे मिटले. हात वर करून तळवा बोर्डाला खालून टेकवला, जणू आतली थरथर मोजतेय. मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. मेथी. शेपू. घोसाळं. कारलं. ती प्रत्येक नाव परत म्हणत गेली. नवव्याला अडखळली, दहावं बरोबर. मशीन कानातच होतं.

"ह्यो लाव," ती म्हणाली.

मे महिन्यात खोली पुरी झाली. मी बोर्डाचा प्रत्येक स्क्रू खालून तपासला, दोन ढिले निघाले, ते परत आवळून घेतले. फॅब्रिकेटरने जाताना हात जोडले, ते आदराने की सुटलो म्हणून, मी विचारलं नाही.

जुलैतली गोष्ट. सकाळपासून पाऊस कोसळत होता, सुट्टीचा दिवस. मी स्वयंपाकघरात भावाशी फोनवर बोलत होते. त्याला चामटोलीचं बंद घर विकायचं होतं. मी म्हटलं, आईला एवढ्यात सांगू नकोस, सगळं ठरलं की मी सांगेन. इतक्या वर्षांत तिच्या देखत असं बोलायची आम्हाला सवयच झाली होती. आवाजही मी खाली आणला नव्हता.

मागच्या नव्या खोलीतून आई म्हणाली, "घर माजं हाय. मना न इचारता कसं इकताव?"

छप्पर जमलं म्हणून उड्या माराव्याशा वाटत होत्या, आणि मान वर करायची लाज वाटत होती. आम्ही पावसाला दोष देत आलो होतो. पण ती ऐकत नाही हे आमच्या किती सोयीचं होतं!

भावाला म्हटलं, नंतर करते. गॅस बंद केला, तिच्या खाटेवर जाऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, साध्या आवाजात. तिने मला तीनदा थांबवून प्रश्न विचारले. मग म्हणाली, "त्याला सांग, घर इकायला मी 'नाय' बोलली."